अब्रूचं तारण

पोळा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही गावं. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि दिवाळीनंतर हाताला काम नाही. अशा घरात मुकादम येतो आणि एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीमागे, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत आगाऊ उचल देऊन जातो. त्याच माणसाला बँकेत दहा हजार हवे असतील, तर दोन जामीनदार, सातबारा, आठ-अ आणि चार खेपा लागतात. मुकादमाला यातलं काही लागत नाही. कागद झालाच, तर नावापुरता होतो.

मग हा लाख रुपयांचा व्यवहार उभा कशावर आहे? मुकादम बहुतेक वेळा त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असतो, पुष्कळदा भावकीतला किंवा जातीतला. उचल घेतलेल्याचं घर, सोयरे, पोरीचं स्थळ कुठं ठरतंय, सगळं त्याला ठाऊक असतं. उचल घेऊन कामाला न जाणाऱ्याबद्दल तो पारावर चार शब्द बोलला, तरी त्या घराचं गावातलं उठणं-बसणं अवघड होतं. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही उरलेलं नाही, त्यानं चारचौघांतलं आपलं नाव गहाण टाकलेलं असतं. हे तारण बँकेच्या कुठल्याही वहीत दिसत नाही, पण बीड जिल्ह्यातल्या लाखो माणसांचं आर्थिक आयुष्य त्याच्यावर चालतं.

याचा हिशेब मांडून पाहायला हवा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि दर टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी पहाटेपासून राबून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. लाखाची उचल फेडायला या दरानं साधारण 273 टन तोडावे लागतात. रोज पूर्ण दोन टन धरले, तरी 137 दिवस झाले. हंगाम असतो चार-पाच महिन्यांचा. म्हणजे आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी अडकली नाही, तर कशीबशी उचल फिटते. आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. बुडालेली मजुरी वेगळी आणि वरून दंडाचे चार-पाचशे रुपये वेगळे. हंगाम संपतो तेव्हा मुकादम सांगतो, ‘अंगावर बाकी राहिली.’ ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते आणि माणूस पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाचा राहतो.

देशात 1976 पासून वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं काम सोडून जाण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं जात असेल, तर ते कर्जच या कायद्यानं रद्द ठरतं. कायद्याची बाजू इतकी स्वच्छ असताना तक्रारी मोजक्याच का येतात? भीती हे एक कारण आहेच. तोडणीच्या टोळीतून पळालेल्यांना पकडून आणणं, मारहाण करणं, घरच्यांना डांबून ठेवणं अशा बातम्या दर हंगामात येतात. पण भीतीइतकंच दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. तक्रार करायची म्हणजे तहसीलदारापुढे उभं राहून, ‘मी पैसे घेतले आणि मी फेडणार नाही,’ असं म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या दिलेला शब्द पाळणं हीच ज्याची इस्टेट, त्याला हे वाक्य उच्चारणं जमत नाही. कायदा त्याला पीडित म्हणतो, पण त्याच्या मनानं त्याला आधीच चोर ठरवलेलं असतं. वेठबिगारीला लागणारी साखळी आता लोखंडाची नसते. माणूस स्वतःच ती सांभाळतो आणि त्याला प्रामाणिकपणा मानतो.

मानसशास्त्रज्ञ इथं दोन भावनांमध्ये फरक करतात. अपराधीपणात माणूस म्हणतो, ‘मी वाईट केलं.’ लाजेत तो म्हणतो, ‘मीच वाईट.’ पहिली भावना माणसाला दुरुस्तीकडे नेते. तो माफी मागतो, पैसे परत करतो. दुसरी त्याला लपायला लावते. संशोधक जो ग्लॅडस्टोन, जॉन जाखिमोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये पैशाच्या बाबतीत नेमकं हेच तपासलं. पैशाच्या अडचणीची लाज वाटणारी माणसं त्या अडचणीकडे पाहणंच टाळतात, मदत मागत नाहीत, आणि त्यामुळे अडचण आणखी वाढते. वाढलेली अडचण पुन्हा लाज वाढवते.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात हे चक्र ‘नवं-जुनं’ या नावाखाली पाहायला मिळतं. मार्चअखेर आली की गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज भरायचं असतं. हातात पैसा नसतो. मग ओळखीच्या सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराला परत द्यायची. कागदावर शेतकरी वेळेवर फेडणारा दिसतो. मधल्या दिवसांचं व्याज मात्र त्याच्या संसारातून जातं आणि मुद्दल तसंच उभं राहतं. शून्य टक्के व्याजाच्या सवलतीसाठी हे करावं लागतं, हे खरं. पण थकबाकीदारांच्या यादीत नाव लागू नये, ही काळजीही तितकीच मोठी असते. यादी सोसायटीच्या फळ्यावर लागते, वार्षिक सभेत वाचली जाते. सहकार कायद्यानं थकबाकीदाराला सोसायटीची निवडणूकही लढवता येत नाही. एखाद्या वर्षी सावकाराकडेही सोय झाली नाही, तर माणूस बँकेच्या माणसाला भेटत नाही, फोन उचलत नाही, नोटीस उघडत नाही. कर्जाची पुनर्रचना करून घेण्याचा मार्ग त्या नोटिशीतच लिहिलेला असला, तरी तो पाहिला जात नाही.

अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्र यांनी 2006 साली वर्धा, वाशिम आणि यवतमाळमधल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचा अभ्यास केला. 87 टक्के कुटुंबांवर कर्ज होतं. हा आकडा सगळ्यांना ठाऊक झाला. त्याच अभ्यासात, गावातली प्रतिष्ठा घसरली होती अशी कुटुंबं 36 टक्के आणि मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार असलेली 34 टक्के होती. या दोन आकड्यांची चर्चा फार झाली नाही. कर्जमाफी 2008 मध्ये झाली, 2017 मध्ये दीड लाखापर्यंत झाली, डिसेंबर 2019 मध्ये दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. सरकारनं प्रत्येक वेळी रक्कम मोजली. त्या रकमेपायी माणूस गावात तोंड दाखवेनासा का होतो, हा प्रश्न कुठल्याही शासननिर्णयात आला नाही.

लग्नाचा विषय निघाला की शहरातली माणसं पटकन म्हणतात, ‘मग खर्च करू नका.’ ॲडम स्मिथनं 1776 साली याहून समंजस विचार केला होता. लिननचा सदरा जगण्यासाठी आवश्यक नाही, पण आपल्या काळात साधा रोजंदारीवरचा माणूससुद्धा त्याच्याशिवाय लोकांत जायला लाजेल, म्हणून तो गरजेच्याच वस्तूंत धरला पाहिजे, असं त्यानं मांडलं. अमर्त्य सेन यांनी गरिबीची व्याख्या करताना हाच धागा पुढे नेला. केज किंवा गेवराईतल्या बापानं मांडव, जेवणावळ आणि मानपान टाळलं, तर त्याचे पैसे वाचतील, पण धाकट्या मुलीला स्थळं येणं थांबेल, अडीनडीला हातउसने देणारे चार लोक मागे सरतील. तो खर्च त्याच्या दृष्टीनं पत टिकवण्याचा खर्च आहे. यातली सर्वांत मोठी किंमत मुली मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. वय लहान असलं की हुंडा कमी लागतो आणि नव्या जोडीचा एक नवा कोयता तयार होतो. आईबाप तोडणीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलीबद्दल कुणी काही बोलू नये, ही धास्ती तर असतेच.

वसुलीसाठी लाज वापरणं नवं नाही. जुन्या काळी सावकार तगाद्याला माणूस बसवायचा. तो ऋणकोच्या दारात ठाण मांडून बसायचा, कधी उपाशी बसायचा, आणि घरात अन्न शिजणं अवघड व्हायचं. उपाशी बसलेल्याचं पाप आपल्या माथी येईल या धाकानं पैसे बाहेर निघायचे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 आलं ते अशाच प्रकारांसाठी. दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करवून घेणं गुन्हा ठरला, आणि त्या कलमाखाली पहिलंच उदाहरण दारात धरणं धरून बसणाऱ्याचं दिलं गेलं. आज दैवी कोपाची जागा शेजाऱ्यांच्या नजरेनं घेतली आहे. मोटारसायकलवरून आलेले वसुलीवाले ओट्यावर बसून राहतात, मोबाइल ॲपवाले फोनमधल्या सगळ्या ओळखीच्यांना मेसेज धाडतात. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये सूक्ष्मकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 6 ही वेळ ठरवून दिली आणि अपमान करण्याला मनाई केली. पण महिलांच्या कर्जगटाची रचनाच अशी असते, की एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो. तिथं वसुलीवाल्याला आवाज चढवावा लागत नाही. गटातल्या बायकाच तिच्या दारात जाऊन बसतात, आणि त्या तिच्याच आळीतल्या असतात.

आता हाच न्याय वर कसा लागू होतो, ते पाहू. मोठ्या थकबाकीदारांची आणि बँकांच्या तपासणी अहवालांची माहिती माहितीच्या अधिकारात मागितली गेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं ती नाकारली. बँकांशी असलेलं विश्वासाचं नातं आणि देशाचं आर्थिक हित ही कारणं दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 16 डिसेंबर 2015 रोजी जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात न्यायालयानं हा बचाव फेटाळला आणि रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य जनतेशी आहे असं बजावलं. सोसायटीच्या फळ्यावर पन्नास हजारांच्या थकबाकीदाराचं नाव लिहिण्याआधी देशाच्या आर्थिक हिताचा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. कोट्यवधी बुडवणाऱ्याचं नाव उघड व्हायला मात्र सर्वोच्च न्यायालय लागलं. कर्ज जितकं लहान तितकं नाव उघडं, हा आपल्या व्यवस्थेचा अलिखित नियम झाला आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

बीड शहरानं अलीकडे लाजेचं आणखी एक रूप पाहिलं. ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेत लोकांनी बँकेपेक्षा कितीतरी जास्त, बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेनं ठेवी ठेवल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये संस्थेचे प्रमुख सुरेश कुटे यांच्या उद्योगसमूहावर आयकर विभागाचे छापे पडले, ठेवी काढायला रांगा लागल्या आणि शाखांना टाळी लागली. जून 2024 मध्ये कुटे यांना अटक झाली. सुमारे 2,470 कोटी रुपये त्यांच्याच समूहातल्या कंपन्यांकडे कर्ज म्हणून वळवले गेले, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. ठेवीदारांची संख्या काही लाखांत आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे बहुतेकांना टाळी लागल्यावर कळलं.

अशा प्रसंगी फसवणाऱ्याआधी फसलेला माणूस मान खाली घालतो. निवृत्तीची रक्कम, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली पुंजी, आणि पुष्कळदा घरात कुणाला न सांगता ठेवलेली. ‘जास्त व्याजाचा मोह नडला,’ असं लोक म्हणतील म्हणून माणूस बोलत नाही, आणि तो बोलत नाही तोवर शेजारचा आपली ठेव तिथंच ठेवत राहतो. एखादी संस्था डबघाईला आल्यावरही काही महिने नव्या ठेवी घेऊ शकते, ती या मुकेपणाच्या बळावर. बीडमध्ये ठेवीदार मोर्चे काढून रस्त्यावर आले, समित्या केल्या, पोलिसांत रांगेनं तक्रारी दिल्या. आपल्यासारखे हजारो आहेत हे दिसल्यावर लाज गळून पडली आणि तिची जागा रागानं घेतली. तो राग उपयोगाचा ठरला, कारण तक्रारींशिवाय मालमत्ता जप्त होत नाही.

लाजेचा सगळ्यात क्रूर हिशेब मात्र बायकांच्या शरीरावर झाला आहे. 2019 मध्ये वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, की बीडमधल्या ऊसतोड बायका तरुण वयात गर्भाशय काढून टाकत आहेत. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, की जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सहापैकी एकीची. देशाच्या पाहणीत प्रजननवयातल्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

हे कसं घडतं, याकडे नीट पाहिलं पाहिजे. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, ना संडास ना न्हाणीघर. पाण्याचीही टंचाई. पाळी आली तर कापड बदलायला आडोसा नाही. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे नवऱ्याशीही बोलायचं नाही, मग मुकादमाला काय सांगणार? ‘पाळी आहे, आज सुट्टी द्या,’ असं पुरुषाला म्हणण्याची लाज, आणि न सांगता बसून राहिलं तर खाड्याचा दंड. दुखणं अंगावर काढत हंगाम संपतो. गावी आल्यावर खासगी दवाखान्यात कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं, आणि ‘पिशवी’ काढली की कटकट मिटेल असं सांगतं. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल घेतली जाते. एका लाजेनं तिला गप्प ठेवलं आणि दुसरीनं कर्जात ठेवलं.

आणि या सगळ्यात कारखाना कुठे असतो? कारखान्याचा करार असतो वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा शब्द असतो कोयत्याशी. साखर विकत घेणारी कंपनी त्याहूनही दूर असते. मजुराचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसल्यानं कारखाना सांगतो, ‘ते आमचे कामगार नाहीत.’ पैसे वाचवणं हा या रचनेचा एक हेतू आहे. तिचा परिणाम असा, की कुठल्याच मालकाला कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

कंपन्यांना लाज नसतेच, असं म्हणून सोडून देणं मात्र चुकीचं ठरेल. ब्रेंट फिस आणि जॉन ब्रेथवेट यांनी 1983 मध्ये बदनामीला सामोऱ्या गेलेल्या 17 मोठ्या कंपन्यांचा अभ्यास केला. पैशाचं नुकसान फारसं झालं नव्हतं तिथंही अधिकाऱ्यांना प्रतिष्ठा गेल्याचं मनापासून झोंबलं होतं, आणि त्यातून कामाच्या पद्धती बदलल्या होत्या. अमेरिकेत 2009 पासून कामगार सुरक्षेचे नियम मोडणाऱ्या आणि ठराविक रकमेहून जास्त दंड झालेल्या कारखान्यांची नावं प्रसिद्धीपत्रक काढून जाहीर होऊ लागली. मॅथ्यू जॉन्सन यांनी 2020 मध्ये दाखवलं, की असं एक पत्रक आसपासच्या कारखान्यांवर जितका परिणाम करतं, तितका साधायला 210 तपासण्या कराव्या लागल्या असत्या. शेजारच्याचं नाव छापून आलं की बाकीचे आपलं घर आवरायला लागतात.

महाराष्ट्रानंही हे एकदा करून पाहिलं आहे. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेली किमान किंमत, 14 दिवसांत दिली पाहिजे, नाहीतर 15 टक्के व्याज, असा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो वर्षानुवर्षं मोडला जायचा. 2021 मध्ये पुण्याच्या साखर आयुक्तालयानं कारखान्यांना पैसे देण्याच्या शिस्तीप्रमाणे रंग दिले आणि चाळीसहून अधिक कारखान्यांची नावं लाल रंगात जाहीर केली. ऊस घालण्याआधी ही यादी पाहा, असं शेतकऱ्यांना सांगितलं. त्यात अनेक बड्या राजकीय नेत्यांचे कारखाने होते. आधीही जप्तीच्या नोटिसा निघत होत्या, पण त्या दोन कार्यालयांच्या मधेच राहायच्या. यादी मात्र चहाच्या टपरीवर वाचली गेली.

तोडणी कामगारांसाठी अशी यादी नाही. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या साखरेचा माग काढत महाराष्ट्रातले फड गाठले, तेव्हा या कंपन्यांना दूर अमेरिकेत उत्तरं द्यावी लागली. परक्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागू नये, इतकी माहिती इथं आधीच गोळा होऊ शकते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत. राज्याचं गाळप दहा कोटी टनांच्या आसपास धरलं, तर वर्षाला शंभर कोटी होतात. कुणी किती दिले, हे कारखानानिहाय छापता येईल. ग्रामपंचायतीमार्फत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रं दिली जातात. त्या नोंदीत कुठल्या कारखान्याच्या फडावर जाणार, कुठल्या मुकादमाकडून किती उचल घेतली आणि गेल्या हंगामाची बाकी किती, हे रकाने सक्तीचे करता येतील. फडावर संडास आणि पाणी आहे का, खाड्याचा दंड किती कापला, हंगामात किती जणी आजारी पडल्या, हे हंगाम संपल्यावर त्याच ग्रामपंचायतीत विचारून कारखान्याच्या नावापुढे लिहिता येईल. आणि ती यादी गावातल्या सोसायटीच्या त्याच फळ्यावर लावता येईल, जिथं आज फक्त थकबाकीदार शेतकऱ्यांची नावं असतात.